सासऱ्यांचे जांभळे पाय

माझ्या सासऱ्यांच्या पायांवर उठलेले डाग न ओळखता मी त्यांचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत जांभळ्या औषधाने रंगवले. एकदा नव्हे, दोनदा.

तेव्हा मी पनवेलला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. हल्ली कंपाउंडर हा प्राणी दिसत नाही, म्हणून थोडं सांगतो. डॉक्टर नाडी बघायचे, जीभ बाहेर काढायला लावायचे, चिठ्ठीवर दोन ओळी खरडायचे आणि ती चिठ्ठी लाकडी पार्टिशनमधल्या चौकोनी खिडकीतून माझ्याकडे यायची. खिडकीच्या आतल्या बाजूला मी राजा. मोठाल्या बरण्यांतून लाल पाणी, पिवळं पाणी, गुलाबी पाणी मोजून घ्यायचं, पेशंटने घरून आणलेल्या बाटलीत ओतायचं, बाटली खळखळ हलवायची आणि तिच्या पोटावर कातरलेल्या कागदाची पट्टी डकवायची. एक खाच म्हणजे एक डोस. डॉक्टरांचं अक्षर पनवेलात फक्त दोघांना लागायचं, त्यांना आणि मला, आणि कधी कधी ते मला बोलावून विचारत, "हे मी काय लिहिलंय?"

अशाने माणूस बिघडतो. डॉक्टरांना लोक डॉक्टर म्हणत आणि मला छोटे डॉक्टर. दोन-तीन वर्षांत त्यातलं 'छोटे' माझ्या हिशेबातून गळून गेलं होतं.

सासुरवाडीला तर ते लोकांच्याही हिशेबातून गळलं होतं. माझी सासुरवाडी उरणच्या बाजूला, खाडीच्या काठी. सगळं गाव मिठागरात राबणारं. रविवारी मी तिकडे गेलो की जेवण होण्याआधीच ओट्यावर माणसं येऊन बसायची. मी एकेकाची जीभ बघायचो. जिभेवरून काय कळतं हे मला आजही माहीत नाही, पण डॉक्टर 'हं' म्हणत, म्हणून मीही 'हं' म्हणायचो. बायको आतून म्हणायची, हे घरी भातात मीठ कमी पडलंय हेसुद्धा ओळखत नाहीत आणि इथे रोग ओळखतायत. पण ती ते आतून म्हणायची, आणि ओट्यावरच्या माणसांना कमी ऐकू येत असावं असं मी धरून चालत असे.

सासरे त्या वेळी साठीच्या पुढे होते. काटक, उन्हाने करपलेले, बोलायला कंजूस. आगरावर, म्हणजे मिठागरावर, त्यांचा मान होता आणि तो मान त्यांच्या पायांचा होता. मिठाची जमीन कशी करतात हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना हे समजणार नाही. पावसाळा संपला की वाफ्यांत साचलेलं पाणी काढून टाकतात. खाली राहतो तो काळा चिखल. तो चिखल पायांनी तुडवायचा, सुकू द्यायचा, परत पाणी सोडायचं, परत तुडवायचा, असं दिवसचे दिवस. शेवटी तळ शेणाने सारवलेल्या अंगणासारखा घट्ट आणि गुळगुळीत झाला पाहिजे. जरा कुठे पोकळ राहिला तर मिठात माती येते आणि मग ते मीठ कोणी घेत नाही. यंत्राने हे होत नाही, बैलाने होत नाही. माणसाचाच पाय लागतो. माणसं एकामागे एक उभी राहतात, पुढच्याच्या खांद्यावर मागच्याचा हात, आणि सगळी ओळ एका ठेक्यात पाय आपटत वाफ्यातून सरकते. ठेका चुकला की जमीन चुकली. या ओळीच्या सगळ्यात पुढे माझे सासरे. पायाखाली कुठे नरम आहे, कुठे दोन वेळा जायला हवं, हे त्यांच्या तळव्यांना कळायचं. आगराचा मालक जमीन बघायला यायचा तो वाफ्याकडे बघायचाच नाही, सासऱ्यांना विचारायचा, झाली का? ते 'झाली' म्हणाले की झाली.

तर त्या वर्षी दिवाळीनंतर ते बाजाराला पनवेलला आले आणि दुपारी दवाखान्यात डोकावले. डॉक्टर जेवायला घरी गेले होते. सासऱ्यांनी बाकावर बसून धोतर थोडं वर घेतलं आणि म्हणाले, "जावाय, जरा ह्ये बघा."

दोन्ही पावलांवर आणि नडग्यांवर डाग होते. तांबूस जांभळे. काही चपटे, चवलीच्या नाण्याएवढे, काही जरा वर आलेले, पिकल्या जांभळाची साल चिकटून बसावी तसे. दुखत नव्हते, खाजत नव्हते. वर्षभर होते म्हणाले, पण आता वाढलेत. मधे त्यांना लांबलेला हिवताप येऊन गेला होता, अंग उतरलं होतं, त्यानंतरच हे दिसायला लागलं असंही म्हणाले. शहाण्या माणसाने हे सगळं एका कागदावर लिहून ठेवलं असतं आणि डॉक्टरांची वाट पाहिली असती.

मला तेव्हा कातडीचे तीनच रोग माहीत होते: खरूज, नायटा आणि इसब. चौथा एक माहीत होता, पण त्याचं नाव कोणी तोंडाने घेत नसे. सासऱ्यांच्या पायांवर तो असणं शक्यच नव्हतं, कारण ते माझे सासरे होते. तेव्हा उरलेल्या तिघांपैकीच एक. मी 'हं' म्हटलं. चिखलातला नायटा आहे म्हणून सांगितलं, आणि जेन्शनची, म्हणजे त्या जांभळ्या औषधाची, बाटली आणि काडीला गुंडाळलेला कापूस घेऊन खाली बसलो.

जावयाने सासऱ्यांच्या पायाशी बसावं म्हणजे केवढी भक्ती. त्या भक्तीच्या भरात मी डागांपुरतं थांबलो नाही. आजूबाजूला पसरू नये म्हणून बोटांपासून गुडघ्यापर्यंत सगळंच रंगवलं. वर दुसरा हात दिला. आठ दिवस पाणी लावू नका म्हणून बजावलं. मिठागरात काम करणाऱ्या माणसाला, जमीन तुडवण्याच्या दिवसांत, पाणी लावू नका. ते बिचारे 'बरं' म्हणाले आणि भर बाजारातून जांभळे पाय टाकत गावच्या वाटेला लागले.

आठ दिवसांनी रविवारी मी गावी गेलो तेव्हा रंग बराच उडाला होता. जिथे चांगली कातडी होती तिथला रंग गेला होता आणि डाग जसेच्या तसे जांभळे होते. त्यामुळे आता ते आधीपेक्षा ठसठशीत दिसत होते. कुठल्याही माणसाला यावरून कळलं असतं की औषध लागू पडलं नाही. मला कळलं ते हे की औषध कमी पडलं. खिशात बाटली होतीच. मी ओट्यावर, सगळ्या पेशंटांच्या देखत, दुसऱ्यांदा पाय रंगवले.

आणि वर एक वाक्य बोललो, ज्याची मला अजून लाज वाटते. कोणीतरी विचारलं की हे डाग कसले, तर मी म्हटलं, काही नाही, आणि विषय बदलला. छोटे डॉक्टर ओट्यावर तासभर बोलत बसणारे. मूळव्याधीवर बोलायचे, पोटातल्या जंतांवर बोलायचे, आणि नेमके सासऱ्यांच्या पायांवर 'काही नाही'.

गावाने दोन आणि दोन चार केले. जावई दवाखान्यात आहे, त्याला रोग कळलाय, तो सांगत नाही आणि वरून रंग फासून झाकतोय. झाकण्यासारखा रोग एकच.

त्या काळी महारोगाची भीती काय होती हे आज सांगून पटणार नाही. त्या माणसाचं भांडं वेगळं, पाणी वेगळं, आणि थोड्या दिवसांनी घर वेगळं. सोमवारी सकाळी सासरे आगरावर गेले, वाफ्यात उतरले, नेहमीसारखे पुढे उभे राहिले. मागे कोणी उतरलं नाही. त्यांच्या मागची जागा काकींची, म्हणजे त्यांच्या चुलत वहिनीची. वीसेक वर्षं तिचा हात त्यांच्या खांद्यावर होता. ती बांधावरच उभी राहिली आणि म्हणाली, "भावजी, डाक्टराचा कागद आना. त्यो रोग नाय म्हून लिवलेला. मंग उतरू." ते थोडा वेळ एकटेच वाफ्यात उभे होते म्हणे. मग वर आले, पाय धुतले आणि घरी गेले. त्या दिवशी जमीन तुडवली ती त्यांच्याशिवाय.

हे मला बायकोने सांगितलं. तिला तिच्या भावाने सांगितलं होतं. सांगून झाल्यावर ती काही बोलली नाही, आणि ती काही बोलली नाही म्हणजे परिस्थिती किती गंभीर आहे हे मला लगेच कळलं.

डॉक्टरांना सांगायला मला दोन दिवस लागले. सांगितलं तेव्हा ते उद्या त्यांना घेऊन ये म्हणाले. सासरे आले, बाकावर बसले, धोतर वर घेतलं. डॉक्टरांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि मला विचारलं, "यात मी काय बघायचं ते तू दाखव. मला तर होळी दिसतेय."

मग स्पिरिट, कापूस आणि मी. भरलेल्या दवाखान्यात, जमिनीवर बसून, मी माझी कलाकृती पुसत होतो. अर्धा तास लागला. बाकावरची माणसं आपापले ताप विसरून बघत होती.

पाय मूळ रंगावर आल्यावर डॉक्टरांनी टाचणी काढली. महारोगाच्या डागाला स्पर्श कळत नाही, टोचलेलं कळत नाही, एवढं मलाही ऐकून ठाऊक होतं. त्यांनी सासऱ्यांना डोळे मिटायला सांगितले आणि टोचलं की सांगा म्हणाले. पावलावरच्या एका डागावर टाचणी लावली. सासरे गप्प. दुसऱ्या डागावर. गप्प. डॉक्टरांनी मग डाग नसलेल्या जागी टोचलं, तरी गप्प. आणखी जोरात टोचलं, तरी गप्प. चाळीस-पन्नास वर्षं खारं पाणी मुरलेली ती कातडी, टाचणी वाकली. डॉक्टरांनी नवी टाचणी मागितली आणि या वेळी वर, नडगीवरच्या डागावर टोचलं.

सासऱ्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून डॉक्टरांच्या आईला उद्देशून एक सबंध वाक्य उच्चारलं.

सासऱ्यांनी डोळे उघडले, समोर कोण आहे ते पाहिलं आणि दोन्ही कान पकडले. डॉक्टर मात्र खुशीत आले होते. "छान," ते म्हणाले. "आता दुसऱ्या डागावर टोचतो. पुन्हा तसंच म्हणायचं." सासरे म्हणाले की मुद्दाम नाय येत. डॉक्टर म्हणाले, येईल. आणि आलं. नडगीवरच्या पाच डागांवर पाच वेळा टोचलं, पाचही वेळा आलं, आणि दर वेळी थोडं नवं. माझं लग्न होऊन तोपर्यंत सात वर्षं झाली होती. सासऱ्यांना इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

डॉक्टर म्हणाले की हा महारोग नाही असं त्यांना वाटतं. मी म्हटलं, मग कागद द्या. ते म्हणाले, "नुसतं 'वाटतं' असं लिहून देऊ? नाही तर काय आहे, असं लोक विचारतील. ते मला ठाऊक नाही. मला ठाऊक नाही हे मी कबूल करतो, तू शिकून घे." आणि त्यांनी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातल्या चर्मरोगाच्या डॉक्टरांच्या नावे पत्र लिहिलं. हे अक्षर मला चांगलं लागलं. त्यात माझाही उल्लेख होता, फक्त नाव नव्हतं. 'आमच्या दवाखान्यातील एका मूर्खाने' एवढंच होतं.

उरणजवळच्या मोऱ्याच्या बंदरातून लाँचने आम्ही दोघे मुंबईला गेलो. लाँचवर गावची दोन माणसं होती, ती आम्हाला बघून दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. सासरे समुद्राकडे बघत राहिले. मी त्यांना म्हटलं, मामा, काळजी करू नका. ते म्हणाले, "तुमी आता काय बोलू नका, जावाय." आणि मी धक्क्यापर्यंत काही बोललो नाही, हा माझ्या आयुष्यातला एक विक्रम आहे.

इस्पितळातले मोठे डॉक्टर टक्कल पडलेले, हसरे, घाईत असलेले. पत्र वाचून त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पायांकडे. पायांकडे बघितल्यावर त्यांची घाई एकदम संपली. खुर्ची ओढून ते जवळ बसले. डाग बोटाने दाबले, सोडले, पुन्हा दाबले. मग दाराकडे तोंड करून कोणाला तरी म्हणाले, सगळ्यांना बोलवा.

डॉक्टरकीची पंधरा-वीस पोरं-पोरी आत आली आणि सासऱ्यांच्या पायांभोवती गोल करून उभी राहिली. एकेकाने पुढे व्हायचं, वाकायचं, डाग चाचपायचा, बाजूला व्हायचं. पाळी एका मुलीची आली, आमच्या बायकोच्या धाकट्या बहिणीएवढी असेल. तिने हात पुढे केला तसे सासऱ्यांनी पाय मागे घेतले.

"हात नको लावू पोरी," ते म्हणाले.

"का? दुखतं का आजोबा?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता त्यांचं पाऊल ओंजळीत घेऊन अंगठ्याने डाग दाबू लागली.

सासरे मान वळवून भिंतीकडे बघत राहिले. या इस्पितळात येईपर्यंत पंधरा दिवसांत त्या पायांना माझ्या स्पिरिटच्या बोळ्याशिवाय आणि डॉक्टरांच्या टाचणीशिवाय कोणी शिवलं नव्हतं. मीही माझ्या चपलांकडे बघत राहिलो.

एका डागाचा बारीक तुकडा काढून तपासायला ठेवला आणि आठ दिवसांनी आम्हाला परत बोलावलं. त्या आठ दिवसांत आगरावरची जमीन अर्धी झाली होती, आणि मेहुणा सांगत होता की बरी झालेली नाही. सासरे घरात बसून ऐकत होते. वाफ्यांतून पाय आपटल्याचा आवाज त्यांच्या घरापर्यंत येतो. ते मधेच म्हणायचे, चुकला. आणि थोड्या वेळाने, परत चुकला.

आठ दिवसांनी मोठ्या डॉक्टरांनी निकाल सांगितला. रोगाचं नाव लांबलचक होतं, त्यात कुठल्याशा परदेशी वैद्याचं आडनाव होतं. मी ते कागदावर दोनदा लिहून घेतलं आणि दोन्ही वेळा वेगळं लिहिलं. अर्थ असा की हा कॅन्सर आहे. कातडीच्या आत ज्या बारीक रक्तवाहिन्या असतात त्यांच्या भिंतींतून तो उगवतो, म्हणून त्याला तो जांभळा रंग. आपल्याकडे फार क्वचित दिसतो, म्हणून पोरांना बोलावलं. म्हाताऱ्या माणसाला पायावर होतो आणि रमतगमत वाढतो. माणसाच्या अंगात रोगांना अडवणारी एक राखण असते, ती वयाने किंवा आजाराने ढिली पडली की याचं फावतं, असा आमचा अंदाज आहे, असं ते म्हणाले. पुढे तीसेक वर्षांनी, अंगातली ती राखणच मोडून टाकणारा एक नवा आजार जगात आला आणि त्याच्या बातम्यांबरोबर याच डागांचे फोटो छापून आले, तेव्हा त्या टकल्या माणसाचा अंदाज किती बरोबर होता ते मला कळलं. त्या दिवशी मला फक्त कॅन्सर हा शब्द ऐकू आला होता.

सासऱ्यांनी विचारलं, "म्हंजे महारोग नाय?"

"नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. "महारोग नाही. हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण आजोबा, हा कॅन्सर आहे, नीट ऐका—"

"मंग चिखलात उतरलो तर?"

"खुशाल उतरा. पायाला जखम होऊ देऊ नका. आम्ही अधूनमधून किरणांचा शेक देऊ, डाग बसतील."

"मरंन काय याच्यानं?"

डॉक्टरांनी जरा विचार केला. म्हणाले, "बहुतेक दुसऱ्या कशाने तरी आधी."

सासऱ्यांना हा सौदा उत्तम वाटला. त्यांनी हात जोडले. मला म्हणाले, चला, आणि इस्पितळाच्या बाहेर पडून पहिलं जे हलवायाचं दुकान दिसलं तिथे पेढे घेतले. कॅन्सर निघाला म्हणून पेढे वाटणारी माणसं मी त्यानंतर पाहिली नाहीत. बायकोच्या हातावर पेढा ठेवून मी म्हटलं, मामांना कॅन्सर आहे. ती म्हणाली, देव पावला.

कागद मी मोठ्या डॉक्टरांकडून मराठीत लिहवून आणला होता, सही-शिक्क्यानिशी. 'यांना महारोग नाही. यांचा आजार संसर्गाने पसरत नाही.' दोन ओळी. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आगरावर गेलो. सगळी ओळ कामाला उभी राहत होती. सासरे बांधावर थांबले. मी कागद मोठ्याने वाचला.

इथे मी थांबलो असतो तर काम झालं होतं. माणसांचे चेहरे सैल पडायला लागले होते. पण कागद फक्त दोन ओळींचा आणि ऐकायला तीसेक माणसं, समोर ओटा असल्यासारखं वाटलं. मी घसा साफ केला आणि म्हटलं, आता नेमका रोग काय आहे ते समजून घ्या. कॅन्सर म्हणजे काय, तो मांस कसा खात जातो, रक्तवाहिन्या कशा पोखरतो, हे मी हातवारे करून सांगितलं. मोठ्या डॉक्टरांनी हा संथ आहे म्हणून सांगितलं होतं ते मी शेवटासाठी राखून ठेवलं होतं. शेवटापर्यंत पोचलोच नाही. तोवर माणसं दोन-दोन पावलं मागे सरकली होती. एकाने विचारलं, म्हंजे त्याच्याहून वंगाळ?

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. दमल्यासारखं.

मी घाईघाईने कागद पुन्हा वाचला. पसरत नाही, पसरत नाही, असं तीनदा म्हटलं. काकी पुढे आली. कमरेवर हात ठेवून माझ्या पायांतल्या बुटांकडे बघत म्हणाली, "कागद चिखलात उतरतो काय? तू उतर. भावजींच्या मागं उभा रहा, खांद्यावर हात ठेव. मंग आमी उतरू."

मला सगळं माहीत होतं. मोठ्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं, शिक्क्याचा कागद हातात. आणि तरी मी लगेच वाकलो नाही. बुटांच्या नाड्यांकडे बघत उभा राहिलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण सगळ्या बांधाला दिसेल इतका वेळ. डोक्यातला शिकलेला कंपाउंडर पसरत नाही म्हणत होता आणि पाय ऐकत नव्हते. सासऱ्यांनी ते पाहिलं. धोतर खोचलं आणि एकटे वाफ्यात उतरून पुढच्या जागेवर जाऊन उभे राहिले, पाठ आमच्याकडे करून.

त्यांची ती पाठ बघून मग मी बूट ओढून काढले. नाड्या न सोडताच. पांढरी पँट गुडघ्याच्या वर गुंडाळली आणि उतरलो. चिखल थंड होता आणि त्यात शिंपल्यांचे तुकडे होते. मी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा किंचित हलला, एवढंच.

"उजवा," ते म्हणाले.

मी डावा टाकला. पुढच्या ठेक्याला त्यांनी डावा टाकला तेव्हा मी उजवा. ते एक पाऊल सरकत, मी तेवढ्यात दोन. माझी टाच चिखलात रुतून भोकं पाडत होती आणि ती बुजवायला मी पुन्हा मागे वळत होतो. वाफ्याच्या मध्यावर शिंपला टोचला, मी एका पायावर नाचलो आणि मामांना दोन्ही हातांनी मिठी मारून त्यांच्यासकट चिखलात आडवा झालो. उठायच्या धडपडीत तयार झालेली पलीकडची दोन हात जमीनही उकरली. सासरे चिखलात बसून हसत होते. त्यांचे डाग, दोघांच्या नडग्या, हात, सगळं एकाच काळ्या रंगाचं.

बांधावरून काकी लुगडं खोचत तरातरा आली. तिने भावजींना हाताला धरून उठवलं, त्यांना पुढे उभं केलं आणि मला कॉलरला धरून बांधाकडे ढकललं. मग वीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या मागे उभी राहिली, खांद्यावर हात ठेवला आणि बाकीच्यांना हाक मारली. माणसं उतरायला लागली तशी ती माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"भावजींच्या रोगानं कोनाला काय व्हायचं नाय. पन ह्या जावयाला परत खाली उतरू देऊ नका, औंदाचं मीठ नासंल."